आवाज बंद करून पाहिलेले सिनेमे

दिवाळीची आवराआवर करताना टीव्हीखालचा खण उघडला आणि जुन्या प्लास्टिकचा कोंदट वास आला. आत सीड्या होत्या. वरच्या वेष्टनावर जुन्या इंग्रजी विनोदी सिनेमांतली ती जोडी, एक जाडा नि एक बारका; पण म्हातारपणातली. जाड्याचा चेहरा सुजल्यासारखा, बारक्याचे गाल आत गेलेले. त्यांचे हे शेवटशेवटचे सिनेमे कोणी हौसेने पाहत नाही म्हणतात. आमच्या घरी मात्र ते पाहिले गेले, आणि तेही आवाज बंद करून.

बाबा अमरावतीत कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांचे जिवलग दोस्त, आमचे चाचा, कापूस पिंजून गाद्या भरायचे. दोघांच्याही भुवयांवर कायम पांढरी लव. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी सीडी लावली की बाबा आधी टीव्हीचा गळा दाबायचे आणि मग दोघं मिळून वऱ्हाडीत बोलायचे. जाडा म्हणजे बाबा, बारका म्हणजे चाचा. प्रत्यक्षात चाचा चांगले आडवे आणि बाबा काडीपैलवान. पण ही वाटणी कधी बदलली नाही.

“शिडी नीट धर न बे. मले पाडून राहिला काय?” बाबांचा जाडा ओरडायचा.

“म्या त धरूनच ठेवली भाऊ. शिडीच हालून राहिली, तिले सांगा.”

आई हसून हसून तोंडाला पदर लावायची.

पुढे ती वाईट वर्षं आली. आसपासच्या गावांतून रोज कोणा तरी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी यायची आणि चहा तसाच निवायचा. जिनिंगला कुलूप लागलं. गाद्या फोमच्या आल्या. त्याच दिवसांत बाबांनी राजकमल चौकातल्या फुटपाथवरून हे उतारवयातले सिनेमे आणले. त्यात ती जोडी पळताना धापा टाकते, पडली की उठायला वेळ लावते. पाहून हसू येत नव्हतं, सोडवतही नव्हतं. “थकले हे,” चाचा एकदा बारक्याचं बोलणं सोडून आपल्याच आवाजात म्हणाले.

मग चाचांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलाने त्यांना अकोल्याला नेलं. माझं सासर अकोल्यातच. बाबा एसटीने आले, पिशवीत सीड्या घेऊन. या खेळाने दोस्ताची जीभ वळेल असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मीच त्यांना चाचांकडे घेऊन गेले. सिनेमा लागला, आवाज बंद झाला.

“काहून बे, बोलत काहून नाई?” बाबांनी जाड्याचं वाक्य टाकलं आणि थांबले. पडद्यावर बारक्याचे ओठ हलले. चाचांचे नुसते थरथरले. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू, आणि पुन्हा थांबले.

शेवटी चाचांनी डाव्या हाताने बाबांच्या मांडीवरचा रिमोट ओढला आणि आवाज सुरू केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या जोडीचे खरे आवाज ऐकले. परके, दमलेले, एकमेकांना सांभाळून घेणारे. अक्षरही कळत नव्हतं. बाबांनी मान खाली घातली, आणि दोघं खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

आता दोघंही नाहीत. सीड्या लावायला घरात यंत्रही नाही, तरी फेकवत नाहीत. चाचांचं सगळं बोलणं मला पाठ आहे असं मी समजत होते. आज खणापाशी बसून आठवून पाहिलं, तर शिडीचं तेवढं एक वाक्य निघालं.