केटीत नसलेलं केटीतलं घर

वाडीतून निघालो तेव्हा आई ओढ्यापर्यंत पोचवायला आली. ओढ्यापलीकडे गाव, तिथे एसटी थांबायची. पण आई ओढा ओलांडून आली नाही. शिमग्यात देवीची पालखीही तिथूनच मागे फिरायची. गावात घरोघरी जायची, आमच्याकडे नाही, कारण वाडी गावात धरत नाहीत. तरी दर शिमग्याला आई अंगण सारवून, ओटीचा नारळ ताटात घेऊन दारात उभी राहायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "येवो न येवो, अंगण तर आपलं आहे ना?"

तो राग मी विमानातून सोबत आणला आणि खरं सांगतो, तो इथे दुबईत कामाला आला. अल क्वोजच्या गोदामात दुसऱ्याच्या टाइल्स उचलता उचलता स्वतःच्या विकायला लागलो. समोरचा "लास्ट प्राइस, हबीबी" म्हणाला की माझं खरं बोलणं सुरू होतं. आधी करामा भागात चौघांत एक खोली, मग संसार, आता डिस्कव्हरी गार्डन्समध्ये फ्लॅट. या देशाने मला खोटी आशा दाखवली नाही. व्हिसा आहे तोवर राहा, कमवा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. इतका सरळ व्यवहार माझ्याशी गावाने कधी केला नाही.

गेल्या वर्षी शाल्मलीने, आमच्या मुलीने, टेक्ससमध्ये घर पसंत केलं. पत्ता केटी शहराचा. सौदा म्हटल्यावर मी नकाशा उघडला, तर केटीची हद्द घराच्या अलीकडेच संपलेली. घर नुसतं हॅरिस काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. जिल्ह्यात आहे, पण कुठल्याच शहरात नाही.

मी व्हिडिओ कॉलवर तिच्या ब्रोकरला धरलं. इटलीचं नाव छापलेली भलतीकडची टाइल मी लांबून ओळखतो, असं सुनावलं. तो बिचारा शांतपणे सांगत होता की तिथे अशी पुष्कळ घरं असतात, पोस्टाचा पत्ता एक आणि शहराची हद्द वेगळी. पोलिसांचं काम काउंटीचा शेरीफ बघतो. फक्त शहराच्या मेयरला मत देता येत नाही.

एवढं मला पुरलं. "खलास," मी शाल्मलीला म्हणालो. "कॅन्सल कर. गावाबाहेरचं घर घ्यायचं नाही."

तिला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिने आधी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाली, "बाबा, दुबईत आपण कुठे वोट करत होतो? वी आर स्टिल फ्रॉम करामा." आणि मराठीत, "तुम्हाला राग पालखीचा आहे. माझ्या घराचा नाही."

शेजारी बसलेली बायको हसली. "तुमचीच मुलगी. एका वाक्यात खाली आणलं तुम्हाला."

घर घेतलं. वास्तुशांतीला आम्ही गेलो. सारवायला अंगण नव्हतं, म्हणून मी घरापुढचा गाडीरस्ता पाइपाने धुतला, बायकोने त्यावर रांगोळी घातली. खोकी उघडायच्या आत शेजारची मेक्सिकन बाई मक्याच्या पानांत उकडलेल्या गरम तमालेंचं ताट घेऊन हजर. बायकोने तिला थांबवलं आणि तिची ओटी भरली. पदर कुठला असणार, तिने टी-शर्टचा घेर पुढे धरला आणि नारळ दोन्ही हातांनी सांभाळत घरी गेली. तेव्हा आई फार आठवली.

गावाचं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण वाडीतल्या मंडळींनो, आई आता नसली तरी यंदा शिमग्याला तिचं अंगण सारवून ठेवा. पालखीसाठी नाही. आम्ही सगळे येतोय.