पाहुणी कुणी मोजायची?

मला पहिल्यापासून तोंड फार. नगरला नर्सिंग शिकत होते तेव्हा मेट्रनबाई म्हणायच्या, हिच्या हातात सुई द्या, पण हिला बोलू देऊ नका. त्यामुळे मुंबईहून एक डॉक्टर आले आणि घरोघर जाऊन बायकांना बोलतं करणारी नर्स मागू लागले, तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप माझ्याकडे वळल्या. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

काम साधं होतं. समुद्राकाठचं अणुवीज केंद्र नुकतंच चालू झालं होतं. लोक त्याला अणूची भट्टी म्हणत. तिच्या आसपास राहणाऱ्यांना पुढेमागे कॅन्सर जास्त होतो का हे बघायचं, तर मोजायला आतापासून लागलं पाहिजे, असं डॉक्टरांचं म्हणणं. तिकडच्या गावांत त्यांची दुसरी माणसं फिरत होती. पण नुसतं तिकडे मोजून काय कळणार? तुलनेला असं एक गाव हवं, की जिथे भट्टीचा वारासुद्धा पोचत नाही. ते त्यांनी राजूरच्या पलीकडे डोंगरात निवडलं आणि मला तिथे शाळेच्या एका खोलीत नेऊन टाकलं.

मी घरोघर जायची. घरात माणसं किती? कुणी आजारी आहे का? अंगावर कुठे गाठ, न भरणारी जखम, रक्त जाणं? मागच्या काही वर्षांत कोण गेलं, कशानं गेलं? बायका आधी माझ्या पांढऱ्या साडीला हसायच्या, लग्न का नाही झालं विचारायच्या, मग नागलीची भाकरी पुढे सरकवून सांगायच्या, "समदं बरं हाय बाई." अख्खं गाव बरं! म्हाताऱ्यांचा दमा आणि पोरांची खरूज सोडली, तर काही सापडेना. डॉक्टर खूश. म्हणाले, तुलनेला असंच गाव हवं होतं. मीही खूश. उगाच खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं डोंगरातली हवाच अशी.

एका घरी म्हातारीनं माणसं पाच सांगितली. पाचही माझ्यासमोर बसलेली. आणि मी उठणार तेवढ्यात आतून कुणीतरी कण्हलं.

"मावशी, आत कोण आहे?"

"कुनी न्हाई. लेक हाय."

"मग मघाशी पाच माणसं म्हणालात ते?"

"पाचच हायती की!" म्हातारी माझ्याकडे, ही खुळी आहे का काय, अशा नजरेनं बघू लागली. "लेक दिली ना आमी. ती तिच्या घरची. पाव्हनी कुनी मोजतं व्हय?"

मी आत गेले. माझ्याच वयाची बाई. अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. छातीवर कसल्याशा पाल्याचं पोटीस बांधलेलं, आणि वास असा, की वॉर्डात वर्षं काढलेल्या मला पदर नाकाला लावावासा वाटला. लावला नाही. पोटीस सोडलं. डाव्या स्तनाची गाठ फुटून तिथे जखम झाली होती. अगं, किती दिवस झाले, असं विचारलं तर म्हणाली, "भाद्रपदात धाडलं सासूनं. बरी झाली का ये म्हनली."

सासर कुठलं? तर समुद्राकाठचं. नवरा मूळचा इथलाच, शेजारच्या वाडीचा. भट्टीच्या बांधकामावर मजूर म्हणून गेला, कामाला चिकटला, मग आईला, धाकट्या भावाला आणि हिलाही तिकडेच घेऊन गेला. भट्टीच्या शेजारच्या गावात ती चार वर्षं राहिली होती.

डॉक्टर संध्याकाळी आले, त्यांनी तपासलं. बाहेर येऊन म्हणाले, "मुंबईला न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता नेलं तर थोडी आशा आहे."

"भट्टीमुळे झालं?"

"इतक्या लवकर? नाही वाटत. पण ठामपणे मी काहीच सांगणार नाही. माहीत नाही म्हणूनच तर मोजतोय."

आणि पुढच्याच श्वासात म्हणाले, "सिस्टर, हिला या गावाच्या मोजणीत मात्र धरू नका. ही इथली रहिवासी नाही. तिकडच्यांनी धरली असेल."

माझं डोकंच फिरलं. एक बाई आत सडतेय आणि यांना धरायचं-सोडायचं सुचतंय! तोंडाला येईल ते मी बोलले. ते बिचारे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, तिकडे निरोप पाठवून विचारतो, नवऱ्यालाही बोलावतो. कारण म्हातारी एकाच गोष्टीवर अडून बसली होती, "जावायाच्या सबुदाबिगर आमी तिला हलवनार न्हाई. दिलेली लेक हाय. उद्या काय झालं तर आमच्या तोंडाला काळं."

तिकडून उत्तर यायला पंधरवडा गेला. तिकडच्या माणसांनी हिच्या सासरी आधीच चौकशी केलेली होती. सासूनं सांगितलं होतं, घरात तिघं, सगळी ठणठणीत.

डॉक्टरांनी ते मला सांगितलं. खोटं बोलली नव्हती हो ती सासू! सून माहेरी गेलेली, मग घरात तिघंच. म्हातारीही खोटं बोलली नव्हती. दोघी खरं बोलल्या आणि मधल्या मधे एक जितीजागती बाई गायब.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. आता प्रश्न एकच. सुना कुठे आहेत? "ती व्हय? ती म्हायेरी हाय. अंगावरून लई जातं तिच्या." दुसरीकडे, "गळ्याला गाठ आली म्हनून भावानं नेली." हसत-हसत भाकरी वाढलेल्या त्याच बायका! कुणाला काही लपवायचं नव्हतं. हातापायानं धड नसलेली सून तिच्या आईकडे जाणार, हे त्यांना इतकं उघड होतं, की त्यात सांगण्यासारखं काय ते त्यांना कळेना. आमचं निरोगी गाव बघता बघता माझ्या हातातून सुटलं. इथल्या आजारी सुना दुसऱ्या डोंगरात, दुसऱ्यांच्या आजारी सुना इथे, आणि कुणीच कुणाच्या घरात नाही. भट्टीजवळही असंच चाललं असेल, तर आम्ही मोजत काय होतो? डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिकडचं सगळं पुन्हा करावं लागेल."

नवरा आला. मी त्याला शिव्या द्यायच्या तयारीत होते, पण तो बायकोची जखम बघून ओसरीवर बसला आणि हमसून-हमसून रडायला लागला. त्याला आईनं सांगितलं होतं, अशक्तपणा आहे. न्यायला हो म्हणाला. जीपनं आम्ही तिला मुंबईला नेलं. घाटात गाडी हादरली की ती माझा हात धरायची. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी कॉटजवळ बसले होते. तिनं विचारलं, "बाई, तुमच्या वहीत मला कुठलं लिवलं? इकडलं का तिकडलं?"

मी म्हटलं, अजून ठरायचंय.

"कुठलं बी लिवा," ती म्हणाली. "पर जित्ती लिवा."

शस्त्रक्रिया झाली, पण आजार आधीच आत पोचला होता. होळीच्या सुमारास ती गेली. तार दोन्हीकडे केली होती. सासरहून दीर आणि सासू आली, माहेरहून म्हातारी आणि दोघे भाऊ. दवाखान्याच्या मागच्या दाराशी त्यांची जुंपली. सासू ऊर बडवून ओरडत होती, "आमची सून हाय, अग्नी आमी देनार!" भाऊ पुढे होऊन म्हणाले, "आमची भन हाय, आमच्या घरात होती!" नवरा बाजूला भिंतीला टेकून उभा. त्याला कुणी विचारत नव्हतं.

शिपायानं मलाच त्यांच्यातली समजून विचारलं, "बाई, हिच्या घरची माणसं किती?"

मी म्हटलं, "बघा ना. आज सगळीच आहेत."