मागच्या सीटवरचा उशीर

मराठी की कोकणी यावरून गोव्यात घराघरांत भांडणं लागली होती, त्या दिवसांत मी पाळीच्या प्राथमिक शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. तात्पुरती म्हणजे आज आहे, उद्या नाही. नवरा त्याच गावात खाणीच्या ऑफिसात कामाला. घर डिचोलीला. बसचा काही भरवसा नव्हता, म्हणून मी त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून जायची. ऐकायला किती सोयीचं वाटतं.

सोय कसली डोंबलाची. वाटेत तिठा लागायचा, आणि तिठ्यावर याची मित्रमंडळी. हा एक पाय जमिनीला टेकवून गाडी थांबवायचा आणि सुरू व्हायचा. मराठीचं काय होणार, गोव्याला राज्य मिळणार की नाही. मी मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पर्स धरून बसलेली. खनिजाचे ट्रक पाठीमागून जायचे, लाल धूळ सगळी माझ्या पाठीवर. पुरुषांचं बोलणं चाललं असताना मागच्या बाईने मध्ये बोलायचं नाही आणि उतरायचंही नाही, असा तिथला शिरस्ता. शाळेत मराठी शिकवायची मी, पण मराठीचं काय व्हावं हे त्या तिठ्यावर मला कुणी एकदाही विचारलं नाही. "अहो, उशीर होतोय," म्हटलं की "निघालोच" म्हणायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

एक दिवस हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "बाई, आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसरी शिक्षिका मागून घेईन." त्यांचं काय चुकलं? वर्ग मोकाट सुटलेला असायचा. घरी येऊन हे सांगितलं तर नवरा म्हणतो, "रस्ता खराब होता म्हणून सांग." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझं माहेर सर्वणला. रविवारी गेले आणि भावाच्या मागे लागले, मला गाडी शिकव. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात त्याने आपली मोटारसायकल दिली. क्लच, गिअर पटकन जमले. मागे बसून बघत तर आलेच होते. फेरी मारून भावापाशी आले, गाडी थांबवली, आणि सवयीने टुणकन डावीकडे उतरून पदर सारखा करायला लागले. मागे गाडी धाडकन आडवी. भाऊ पोट धरून हसला. "अगो बाय, स्टँड कोण लावतलो? तुझो घोव?" मला मात्र रडू आलं. पोचलं की आपण उतरायचं, बाकीचं पुढचा बघेल, हे इतकं अंगात मुरलं होतं. स्वतःचाच संताप आला. गाडी उचलली आणि परत बसले.

पुढे लायसनही काढलं. नवरा म्हणाला, "शिकलीस ना, झालं. पण रस्त्यावर नको. ट्रक बघितलेस किती ते?" बघितलेस म्हणे. रोज पाठीवर घेत होते मी ते ट्रक.

मग एका सकाळी तिठ्यावर वाद इतका तापला की हा इंजीन चालूच ठेवून, गाडी स्टँडवर लावून चहाच्या गाड्यापाशी गेला. मी तशीच मागे. शाळेची घंटा होत आली होती. मी हाक मारली. त्याने वळूनही न बघता हात वर केला, थांब म्हणून. मी पुढे सरकले. निऱ्या वर खोचल्या, पाय पलीकडे टाकला, स्टँड काढला आणि गिअर टाकला. मागे कुणीतरी "अरे, अरे" म्हणालं. ट्रकांच्या मधून वाट काढत घंटेच्या आत शाळेत पोचले.

संध्याकाळी तो धुमसतच घरी आला. "चार माणसांत माझी शोभा केलीस. मला ऑफिसात उशीर झाला, कळतंय?" मी म्हटलं, "कळतंय की." पुढे माझी नोकरी कायम झाली. ती गोष्ट तो अजून पाहुण्यांना सांगतो, बायकोने मला रस्त्यात टाकलं म्हणून. त्या दिवशी तू वेळेवर पोचलीस का, हे त्याने आजवर विचारलेलं नाही.