डावीकडं ओढणारी गाडी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको विचारते, कसल्या विचारात असता — मी म्हणतो, एका गाडीतला आवाज सापडून नाही राहिला. तेही खोटंच. आवाज कधीचाच सापडलेला आहे. सहा वर्षं झाली.

जवळा बाजारला रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, दोन जॅक. सुरुवातीला मी डेंटर होतो, ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचो. इंजिनाचं काम मागून शिकलो. पण लोक मला ओळखतात ते तिसऱ्याच कामासाठी. आमच्याकडं जुनी गाडी घ्यायला कुणी एकटं जात नाही. सोबत माहितगार माणूस नेतात. त्यानं बोनेट उघडायचं, कान लावायचा, खाली वाकायचं — आणि मग घेणारा, विकणारा, सोबत आलेले मेव्हणे-पाव्हणे, सगळे त्याच्या तोंडाकडं बघतात. तो ‘घ्या’ म्हणाला की पेढे. ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाला की चहा पिऊन माघारी. औंढ्यापासून वसमतपर्यंत तो माणूस म्हणजे मी. दलालाकडून मी कधी कमिशन घेतलं नाही. हे खरं आहे. आणि हे खरं आहे म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

तुम्हाला गाडी घ्यायची आहे का? मग ऐका, फुकट सांगतो. सकाळी जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नको. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, गार इंजिनाचा खडखडाट तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून तापवून ठेवलीय. मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो मागं फिरवता येतो. ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा. मीटर म्हणतं गाडी कमी चाललीय आणि रबर झिजून गुळगुळीत — मग खरं कोण बोलतंय? पायाखालचं कार्पेट उचला. खाली वाळलेला गाळ दिसला तर गाडी कुठल्यातरी पुरात बुडालेली आहे, नमस्कार करून निघा. दाराच्या बिजागरीचे बोल्ट बघा. रंग खरवडलेला असला तर दार कधीतरी उतरवलंय. काहून उतरवलं, ते विचारा. आरसी हातात घेऊन वाचा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा. दुसऱ्याच्या मोबाइलमधला फोटो बघून मान डोलवू नका.

मिस्त्री लोकांचंही सांगतो — माझ्याच जातीचे, पण सांगतो. बोनेट वर करायच्या आधीच जो म्हणतो ‘इंजिन खोलावं लागंल’, त्याच्याकडून किल्ली परत घ्या. पार्ट बदलला म्हणतो? जुना पार्ट मागून घ्या, हातात घ्या, घरी न्या. भंगारात टाकला म्हणाला तर समजून जा. आणि जो तुम्हाला गाडीजवळ उभं राहू देत नाही, त्याला लपवायचं काय असतं? मी कुणालाही उभं राहू देतो. सुमन सिस्टर तर स्टूल घेऊन बसायच्या.

आलंच बघा त्यांचं नाव. टाळून किती टाळणार?

सुमन सिस्टर हट्ट्याच्या. सरकारी नर्स. आसपासच्या गावांत लेकरांना डोस पाजायचे, बाळंतिणी बघायच्या, सगळं स्कूटीवर. माझ्या दोन्ही पोरांना सुया त्यांनीच टोचल्या. नवरा नाही, घरात म्हातारी आई आणि एक मुलगी. शेहेचाळिसाव्या वर्षी बाई वसमतला जाऊन गाडी शिकल्या. ड्रायव्हर ठेवा म्हणणाऱ्यांना म्हणायच्या, काहून? मला हात न्हाईत का? आईला एसटीची पायरी चढवत नव्हती. तिला नागपूरला दीक्षाभूमी दाखवायची, आणि स्वतः चालवत न्यायची, एवढं एकच त्यांनी धरलं होतं. मला म्हणाल्या, “मिस्त्रीदादा, तुमी व्हय म्हणाल ती गाडी. मला त्यातलं काही कळत न्हाई.”

वसमतला एका दुकानदाराची गाडी होती. पांढरी, चार दारांची. मी रिवाजाप्रमाणं सगळं बघितलं. इंजिन गार, रबर बराबर, कार्पेट कोरडं. मग समोरच्या डाव्या चाकामागं टॉर्च मारला.

आता मघाशी सांगायची राहिलेली एक गोष्ट ऐका, सगळ्यात कामाची. दोन पत्र्यांच्या जोडावर सीलंट असतं, लगद्यासारखं. कंपनीचं सीलंट सरळ रेघेत येतं, मशीनवर ओढलेलं. हातानं लावलेलं दिसलं की ओळखा, तिथं गाडी कापून जोडलीय. बहुतेक डेंटर ब्रशनं लावतात. मी अंगठ्यानं ओढतो. माझ्या उजव्या अंगठ्याला पत्रा लागल्याची जुनी खूण आहे, म्हणून माझ्या सीलंटवर मधोमध एक बारीक रेघ उमटते.

ती रेघ तिथं होती.

आठवलं मला. दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या एका दलालानं टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती ही गाडी. रंग तेव्हा लाल. समोरची डावी बाजू आत गेलेली, खालची चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, वाकलेली. मी त्याला म्हणालोही होतो, ही भंगारात घाल. मग जोडूनही दिली. खरं सांगू? वसमतला खाली वाकल्यावर आधी मला बरं वाटलं. काय हात चालला होता माझा! दुसऱ्या कुणाला सापडला नसता तो जोड.

मग वर बघितलं तर सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिलेले. चेसी जोडलेली आहे म्हणालो असतो, तर कुणी जोडली हे निघालंच असतं. पण नुसतं ‘मन घेत नाही’ म्हणून उठता येत नव्हतं का? येत होतं. शंभर गाड्यांवरून तसा उठलो होतो. त्या दिवशी जीभ उचलली नाही. काम मीच केलंय, टिकंल — असं काहीतरी मनाशी म्हणालो, आणि तोंडानं म्हणालो, “घ्या.”

सिस्टरांनी नारळ फोडला नाही, त्यांच्यात चालत नाही. बाबासाहेबांचा छोटा फोटो समोर लावला, आईच्या हातानं पेढे वाटले, आणि मला मान म्हणून शर्टपीस दिला. तो मी शिवला. घातलाही, कॉलर विरेपर्यंत.

महिन्याभरात त्या आल्या. “गाडी डावीकडं ओढून राहिली, दादा.” ओढणारच. चेसी एकदा वाकली की कितीही सरळ करा, तिच्या अंगातलं जात नाही. मी हवा बघितली, चाकांची अलाइनमेंट करून आणायला लावली. पंधरा दिवसांनी परत तेच. डावं टायर आतून खाल्लेलं. स्टुलावर बसून त्या बघत होत्या, काय चुकतंय म्हणून विचारत होत्या. आणि मी — हे मला लिहितानाही नीट आठवतं, कारण फार सहज बोललो होतो — म्हणालो, “गाडी चांगली हाय, सिस्टर. तुमी स्टिअरिंग नकळत डावीकडं धरता. नवीन हात हाय ना.”

त्यांना पटलं. माणसाला स्वतःची चूक किती लवकर पटते, नाही का? त्या हसल्या, तळहात उलटेसुलटे करून बघितले. रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात गाडी सरळ धरायचा सराव करू लागल्या. पोरं हसायची, तरी करायच्या. मी जाता-येता बघायचो.

पावसाळा संपल्यावर त्या आईला घेऊन नागपूरला निघाल्या. पहाटे निघाल्या, औंढ्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली. त्यांनी बराबर वेळेवर ब्रेक दाबला. गाडी डावीकडं गेली आणि नालीत बसली. आईच्या कपाळाला तीन टाके पडले. फोन मलाच आला.

मी खाली शिरून बघितलं. जोड नखभर उघडला होता. बाहेर आलो तर दहा-पंधरा माणसं जमलेली, म्हातारी कपाळाला पदर दाबून बसलेली, आणि सिस्टर रस्त्यात उभ्या — माझ्या तोंडाकडं बघत. विचारलं त्यांनी, काय झालं? मी म्हणालो, गाडीत काही दोष नाही. मग त्या सगळ्या माणसांदेखत म्हणालो, “तुमचा हातच वाकडा हाय, सिस्टर. म्हातारीला मारून टाकाल एक दिवस.”

एवढं कशाला बोललो? पहिलं वाक्य पुरेसं होतं. पण मला भीती होती की कुणीतरी खाली वाकून बघेल.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि परत कधी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मी जोड पुन्हा भरला, वरून सीलंट अंगठ्यानं ओढलं. गाडी माझ्याच शेडमधून विकली गेली. कळमनुरीचा एक माणूस आला तर त्याला त्या आपणहून म्हणाल्या, “नालीत मी घातली होती. गाडीचा काही दोष न्हाई, मिस्त्रीदादांना विचारा.” त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्याला आता जाऊन सांगता येईल, गाडीचा नंबर मला पाठ आहे. गेलेलो नाही.

आईचं नागपूर राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांनी म्हातारी वारली. मी मातीला गेलो होतो.

आणि गेल्या बाजाराच्या दिवशी सिस्टर गॅरेजवर आल्या, मुलीला घेऊन. मुलगी पल्लवी, आता तीही नर्स झाली, किनवटकडं नोकरी लागली. तिला गाडी शिकायची आहे. सिस्टर स्टुलावर बसल्या, केस पिकलेत आता. मला म्हणाल्या, “तुमीच सांगा हिला, दादा. माझं ऐकून न्हाई राहिली. आमच्या घराण्याचा हातच वाकडा, हिला गाडी जमायची न्हाई.”

पोरगी माझ्याकडं बघून राहिली. शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं. रस्त्यावर बाजाराची गर्दी होती, पण आत आम्ही तिघंच. सांगायला याहून बरी वेळ कोणती असते?

मी म्हणालो, “आई बराबर बोलून राहिली, बाळा.”

पोरीनं मान खाली घातली. सिस्टरांनी चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

गाडी वाकडी होती. बाईंचा हात सरळ होता. इथं लिहिलंय, त्यांना सांगितलेलं नाही.