दोराला हात

बाबांना अंगणात उतरतानाही धाप लागायची. सारा जन्म रापणीची जाळी किनाऱ्यावर ओढण्यात आणि विड्या फुंकण्यात गेलेला. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्षय नसल्याचं सांगितलं, तेव्हा आईने तिथल्या तिथे देवाला नारळ कबूल केला. फुप्फुसं कामातून गेली आहेत, हे पुढचं तिने ऐकलंच नाही. "उरलाय तेवढा श्वास नीट वापरायला शिका," डॉक्टर म्हणाले. गरम पेजेवर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून श्वास हळू सोडायचा आणि रोज थोडं जास्त चालायचं.

बाबा हट्टी. "माका परत रापणीच्या दोराक हात लावूचो आसा," एवढंच त्यांचं म्हणणं. दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही आमच्या किनाऱ्याची रीत. आजारपणात भाऊबंद वाटा घरी पाठवत, पण ती बाबांना भीक वाटे. ते वाट्यातल्या बांगड्यांकडे पाठ करून बसत, मासळी चुलीवर चढू देत नसत आणि मला त्यांचा भयंकर राग येई. भूक आम्हालाही होती.

या माडापासून त्या माडापर्यंत करत करत, पावसाळा सरल्यावर ते किनाऱ्यावर पोचले. रापण ओढणं चाललं होतं. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि दोर धरला. ओढला असं काही म्हणता येणार नाही. तरी सगळ्यांनी एकच ओरडा केला. आपला वाटा त्यांनी स्वतः घरी आणला. तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

आई घाबरली. एवढ्या लोकांनी पाहिलं, दृष्ट लागणारच. तिन्हीसांजेला दार लावून तिने बाबांवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. धुराने आम्ही सगळेच खोकलो. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, असं आमच्यात मानतात. बाबांचा ठसका मात्र थांबेना. दार उघडलं, त्यांना अंगणात आणलं, पाठ चोळली. ओठांचा चंबू काही होईना.

त्या दिवशी ते वाचले, पण पुन्हा पहिल्या माडापर्यंतही गेले नाहीत. चालायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवत. पुढच्या पावसात गेले.

बाराव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, त्या दिवशी किनाऱ्यावर कोणाची तरी वाईट नजर पडली असणार. आई चुलीपुढे बसली होती.

"कोणाचीच दिष्ट लागूक नाय," ती म्हणाली. "मिरची सगळ्यांका झोंबली. माझीच लागली गो त्यांका."