पापडांपुरतं ऊन

बाईजाला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्याची तिला गरजही पडत नसे. ती फक्त विचारायची. कुणाच्या तरी दारात उभी राहून, डोक्यावरचा पदर सारखा करत, भाबड्या आवाजात एखादा प्रश्न टाकायची आणि आपल्या वाटेनं निघून जायची. पुढचं काम तो प्रश्नच करायचा. तिचा नवरा धाकलू म्हणे, "हिनं कायबी इचारलं, का मी आदी कोयता लपवतो. शेवटी झाडावर मलाच चढाया लागतं."

शहापूरच्या अलीकडे, आसनगाव स्टेशनाहून येणाऱ्या वाटेवर, ऐनाच्या झाडांनी भरलेली एक चढण होती. गाव तिला वरकस म्हणे. पीक घ्यायला ती जमीन कामाची नव्हती, पण तिच्याशिवाय खालच्या खाचरांत भात होत नसे. हिवाळा सरताना तिथल्या झाडांच्या पानांनी भरलेल्या फांद्या तोडायच्या. त्याला कवळ म्हणतात. कवळ वाळलं की शेणासोबत जमिनीच्या एका तुकड्यावर पसरून जाळायचं. हा राब. राब भाजलेल्या त्या काळ्या, भुसभुशीत जागेतच भाताचं रोप अंग धरतं. बाईजाच्या सासरच्यांनी कित्येक पिढ्या हेच केलं होतं. जमीन कागदावर त्यांची नव्हती, ठाण्याच्या एका इनामदाराची होती, पण हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

सदतीस साली इनामदारांनी ती चढण गिरगावच्या दामूअण्णा रिसबूडांना विकली. दामूअण्णांचं मुंबईत छत्र्यांचं दुकान होतं, त्यामुळे सावली विकणं त्यांना नवं नव्हतं. त्यांनी चढणीचे तुकडे पाडले, रस्ता आखला, विहीर खणली आणि वसाहतीचं नाव ठेवलं छायानगर. दोन वर्षांत मंगलोरी कौलांचे टुमदार बंगले उभे राहिले. 'विश्रांती', 'आरोग्य', 'शीतल' अशी त्यांची नावं होती. ऐनाच्या खोडांना चुना आणि गेरूचे पट्टे ओढले गेले. झाडांनाही कुणी मळवट भरतं, हे गावानं प्रथमच पाहिलं. संध्याकाळी मुंबईचे निवृत्त गृहस्थ हातात काठी घेऊन रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि काहीही न करता परत येत.

"काय हरवलंय यांचं?" बाईजानं एकदा विचारलं.

"हवा खात्यात," धाकलू म्हणाला.

"मुंबैत संपली?"

छायानगरात रस्ता झाडायचं आणि बायकांना पाणी भरून द्यायचं काम बाईजाला मिळालं होतं. पण माघ लागला तशी तिची झोप उडाली. कवळ तोडायचे दिवस आले होते, आणि रस्त्याच्या तोंडाशी दामूअण्णांची पाटी उभी होती: 'झाडांस इजा करू नये.'

रविवारी दामूअण्णा आले तेव्हा तिनं सरळ विचारलं. "अण्णा, कवळ तोडू का? राबाला लागतं. नायतर रोप व्हायचं नाय."

"एक पानसुद्धा नाही. ही झाडं म्हणजे वसाहतीचा प्राण आहे."

"आमच्या भाताचापन तोच हाय. आनि झाड कुटं मरतंय? डोई केली का केस परत येतात, तसं हाय ते."

दामूअण्णांच्या डोक्यावर बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले केस परत आलेले नव्हते. त्यांनी टोपी घट्ट बसवली आणि विषय संपवला.

त्या दिवशी चुलीपुढे बसून धाकलू म्हणाला, "आता राब कशाचा भाजायचा? सरकारी रानात शिपाई हाय."

"तुझ्या धोतराचा भाजू."

"त्याचा वाफाभरपन व्हायचा नाय गो." मग तो हसायचं थांबला. "खरंच, बाईजा. रोप नाय झालं तर लावनीला काय नेशील?"

बाईजानं चुलीत एक काटकी सरकवली आणि ती पेटेपर्यंत फुंकत राहिली.

शिवरात्र झाली आणि छायानगरात पापडांचे दिवस आले. 'विश्रांती'तल्या कमळाबाई या वकिलांच्या पत्नी, आणि उडदाच्या पापडांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे त्या स्वतःच सांगत. त्यांनी अंगणात जुनी लुगडी अंथरून पापड घातले होते. बाईजा पाण्याची घागर उतरवून त्यांच्याकडे पाहत उभी राहिली.

"वयनी, ह्ये वाळत्यात का निजल्यात?"

कमळाबाईंनी एक पापड उचलला. तो ओल्या रुमालासारखा हातातून लोंबला. "परवापासूनचे आहेत गं. अजून वाकतायत मेले."

"ऊन नाय पडलं?"

"पडलंय की. पण सगळं वरच!" कमळाबाईंनी मान वर केली. ऐनाच्या दाट पानांवर ऊन नुसतं सांडलं होतं. खाली त्यातले चार-दोन थेंब गळत होते. इतक्यात वरून एक अळी पडली आणि पापडावरून चालू लागली.

बाईजानं काळजीनं विचारलं, "हिलापन तळनार?"

त्यानंतर ती रस्ता झाडायला निघून गेली. तिचा परकर-पोलक्यातल्या मुलीसारखा निष्पाप चेहरा पाहून समोरच्या ऐनालाही संशय आला नसता.

संध्याकाळच्या आत बोलावणं आलं. "तुझ्या नवऱ्याला सांग, ती अंगणावरची फांदी उतरव म्हणावं."

"अण्णांची पाटी हाय, वयनी."

"अण्णांचे पापड आहेत का?"

"आनि फांद्यांचा केर कुटं टाकू?"

"ने बाई कुठंही! मला तो डोळ्यांसमोर नको."

दुसऱ्या दिवशी 'विश्रांती'च्या अंगणात ऊन उतरलं आणि दुपारपर्यंत पापड खणखणीत वाळले. हे 'आरोग्य'मधल्या राहीबाईंनी कुंपणावरून पाहिलं. बाईजानं पाणी देता देता त्यांना एवढंच विचारलं, "तुमच्याकडं सांडगे कवा घालनार? का यंदा नाय?" 'शीतल'मध्ये तिनं गाद्यांची चौकशी केली. एका ठिकाणी नुसती लोणच्याच्या बरणीकडे पाहून हळहळली. आठवडाभर धाकलू या झाडावरून त्या झाडावर चढत होता, आणि भाऱ्यामागून भारा खाली खाचराच्या बांधावर जात होता. छायानगरातली अंगणं लख्ख उजळली. वरती ऐनाची बोडकी खोडं, मुंज झालेल्या बटूंसारखी, गेरूचे पट्टे मिरवत उभी होती.

पुढच्या रविवारी दामूअण्णा नवं गिऱ्हाईक घेऊन आले. काळबादेवीचे एक कापडवाले, सोबत त्यांच्या पत्नी. आसनगावपासून साऱ्या वाटेनं अण्णांनी सावलीचं वर्णन केलं होतं. टांगा वळणावर आला आणि अण्णांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

काठी घेऊन ते तसेच खाली बांधावर गेले. कवळाचा ढीग उभा होता, पानं करपून तांबूस झालेली. बाईजा त्यावर दगड ठेवत होती.

"हे सगळं वर आण! आत्ताच्या आत्ता! नाहीतर शहापूरला जाऊन फौजदाराला घेऊन येतो."

बाईजाचा हात दगडावरच थांबला. वर्षाचं भात त्या ढिगात होतं. शेजारी भारे रचणाऱ्या धाकलूनं तिच्याकडे पाहिलं. या वेळी तिच्यापाशी विचारायला काही नाही, असं त्याला वाटलं. मग तिनं वाकून एक भारा बांधला आणि डोक्यावर घेतला.

"आनते अण्णा. कुनाच्या अंगनात टाकू, तेवडं दावा."

अण्णांमागून ती वर आली. 'विश्रांती'च्या फाटकात अण्णांनी काठीनं आत खूण केली.

"अगं, अगं, तिथे नको!" कमळाबाई लाटणं घेऊनच धावल्या. "मुंग्या भरल्यात त्यात! खाली पापड दिसत नाहीत?"

बाईजा वळली. 'आरोग्य'मध्ये सांडगे होते. 'शीतल'मध्ये गाद्या होत्या, आणि एका गादीवर वाळायला घातलेली एक म्हातारी होती. तिनं डोळे न उघडताच "नको" म्हटलं. बाईजा भारा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. घाम तिच्या हनुवटीवरून टपकत होता.

"अण्णा, कुटं?"

प्रत्येक फाटकात आता एक बाई उभी होती आणि प्रत्येकीची नजर अण्णांवर होती. तेवढ्यात कापडवाल्यांच्या पत्नींनी कुंपणावरून हात घालून एक पापड उचलला आणि मोडला. खट्कन आवाज झाला.

"आमच्या चाळीत गच्चीवर पापडाला पाळी लागते हो," त्या म्हणाल्या. "इथं रोज असं ऊन असतं?"

दामूअण्णांनी बोडक्या झाडांकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे.

"असतं," ते म्हणाले. "ऊन तर... इथलं प्रसिद्धच आहे."

"अण्णा," बाईजानं पुन्हा विचारलं, "मान दुकते. कुटं टाकू?"

"ने खाली!" अण्णा हळूच पुटपुटले. "पण रस्त्यावरच्या झाडांना हात लावशील तर याद राख."

"रस्त्यावर पापड कोन घालतंय, अण्णा?"

चैत्र सरता सरता एका सकाळी बाईजानं राब पेटवला. आधी तिनं घरोघर सांगून ठेवलं होतं की अंगणातलं सगळं आत घ्या. वारा खालून वर निघाला आणि धूर चढण चढून बंगल्यांत शिरला. कमळाबाई पदर नाकाला लावून, खोकत खोकत बांधापर्यंत उतरल्या.

"बाईजा! अगं, हा काय प्रकार!"

"तुमच्याच अंगनातलं हाय, वयनी. वळखलं नाय व्हय?"

कमळाबाईंना हसावं की खोकावं कळेना, म्हणून त्या दोन्ही एकदम करत तिथेच बांधावर बसल्या. समोर वाफा काळा होत चालला होता. निखारे विझल्यावर बाईजानं राखेत पाय ठेवून पाहिला, चटका बसला तसा चटकन मागे घेतला आणि वळून म्हणाली,

"धाकलू, बियाची कनगी उघडून ठेव. यंदा वाफा थोडा मोठाच झालाय."