कडी लावून आंघोळ

सासूबाई न्हाणीत पडल्या, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून त्यांच्या आंघोळीला माझा पहारा लागला. मी दाराबाहेर उभी, आणि आतून कडी लावायची नाही. मनगट जुळलं तरी नियम तोच.

“जन्मभर कडी लावून न्हाली,” त्या म्हणायच्या. “आता काय बसस्टँडवर न्हाऊ?”

फरशी बदलली की लावा कडी, असं मी कबूल केलं आणि आम्ही तिघं टाइल पाहायला तालुक्याला, नेरच्या दुकानात गेलो.

नवऱ्यानं पांढरीशुभ्र, चकचकीत टाइल दारातूनच पसंत केली. तिच्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. दुसरं कारण मला तरी सापडलं नाही. मी पिशवीतून डबा काढला. त्यात वावरातली काळी माती कालवून आणली होती. वावरातून आलेले पाय आमच्याकडे न्हाणीतच धुतात, त्यामुळे नुसतं पाणी टाकून टाइल पाहण्यात काही अर्थ नव्हता.

दुकानदारभाईंनी डब्यात डोकावलं. “भाभी, टाइल घ्याले आल्या का पेरनी कराले?”

“उगवलं तर अर्धं तुमचं.”

आधी मी टाइल बोटांनी वाजवून पाहिल्या. बद्द वाजली ती बाजूला. मग बाकीच्या उलट्या करून त्यांच्या पाठीवर पाणी टाकलं. जिनं ते लगेच पिऊन टाकलं, तीही बाजूला. उरलेल्यांवर चिखल पसरला आणि चकचकीत टाइलवर नवऱ्याला अनवाणी उभं केलं.

“पाह्य, काहीच होत नाही,” असं म्हणता म्हणता ते भाईंच्या गळ्यात पडले.

“साहेब, डिस्काउंट तसाही देतो मी. गळ्यात काहून पडता?”

मग मी उंच दाण्यांची खरखरीत टाइल निवडली. चिखलातही पाय जागचा हलत नव्हता. मी खूश होते.

स्टुलावर चहा पीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “झाली तुमची परीक्षा?” कप ठेवून त्या उठल्या, लुगडं सावरलं आणि त्या टाइलपाशी खाली फतकल मारून बसल्या. दुकानातली गिऱ्हाइकं आमच्याकडे पाहू लागली.

“आई, उठ ना. लोकं पाहून राह्यले.”

“उठूनच दाखवून राह्यली ना, बाबू.”

त्यांनी टाइलवर तळहात टेकला, अंगाचा भार दिला आणि तोंड वाकडं केलं. दाणे हातात रुतले होते.

“मी न्हाणीत फिराले जातो का, बाई? बसून न्हातो. उठतानी हातावर उठा लागते. तेलाचा हात सटकला, मनून पडली होती.”

हे त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. आणि आम्ही पाय कसा घसरला एवढंच विचारत राहिलो होतो.

मग नव्यानं सुरुवात झाली. भाईंनी खोबरेल तेल मागवलं. सासूबाई हाताला तेल लावायच्या, टाइलवर टेकून उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. एका गिऱ्हाइकानं त्यांना स्वतःच्या घरासाठीही एक टाइल पाहून द्यायला सांगितलं. त्यांनी तीही नापास केली. शेवटी बारीक रेतीसारख्या स्पर्शाची एक मातकट टाइल निघाली. तिच्यावर त्या ओल्या, तेलकट हातानं उठल्या, तोंड वाकडं न करता.

“रंग शेणासारखा आहे,” नवरोबा म्हणाले.

“तू नोको न्हाऊ तिथं.”

निघताना मी डबा उचलू लागले, तर भाई म्हणाले, “राहू द्या, भाभी. साहेबासारखं गिऱ्हाईक आलं का कामी येईन.”

मिस्त्रीनं टाइल बसवून दिल्या. सिमेंट वाळल्यावर सासूबाईंनी आत जाऊन मला ऐकू जाईल अशी खटकन कडी लावली. सवयीनं मी बाहेर उभीच होते.

“बाहेर उभी हायेस ना?” आतून आवाज आला.

“नाही.”

“मंग बोलून कोन राह्यलं? जाय, चहा ठेव.”